मातीविना मातीचा अभ्यास : वनस्पतिपोषण-विचाराचा इतिहास

हायड्रोपोनिक्स अर्थात मातीविना शेती ही रासायनिक खतांच्या युगात फुटलेली अलीकडची शाखा होय, असा सर्वसाधारण समज आढळतो. ऐतिहासिक क्रम मात्र जवळजवळ उलटा आहे. जमिनीला कोणते खत द्यावे, हे ज्ञान ज्या प्रयोगांतून प्राप्त झाले, त्यांपैकी अनेक निर्णायक प्रयोग मातीबाहेर, पाण्याच्या भांड्यात पार पडले.

व्हॅन हेल्मॉन्टने 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप 200 पौंड कोरड्या मातीत लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले. माती घटली ती सुमारे 2 औंस. झाड पाण्यापासूनच घडते, हा त्याचा निष्कर्ष 1648 मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बनची त्याला कल्पना नव्हती आणि ते 2 औंस त्याने नगण्य मानले. खतशास्त्राचा पुढील इतिहास हा बव्हंशी या 2 औंसांचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. 1699 मध्ये वुडवर्डने पुदिन्याची रोपे पावसाच्या, नदीच्या आणि बागेतील माती कालवलेल्या पाण्यात वाढवली. पाणी जितके ‘अशुद्ध’, तितकी वाढ अधिक, असे त्याला दिसून आले.

1804 मध्ये द सोस्यूरने कार्बन हवेतून व खनिजे मुळांवाटे येतात, असे दाखवले. तथापि थेअरप्रणीत ह्यूमस-सिद्धांताचा प्रभाव टिकून राहिला. त्यात नवल नाही. शेणखत घातले की पीक जोमाने येते, हा शेतकऱ्याचा अनुभव कोण नाकारणार? ह्यूमसमधील क्षार व नत्र हेच कार्यकारी घटक होत, ही मांडणी 1820 च्या दशकात कार्ल श्प्रेंगेलने केली. सर्वांत कमी असलेल्या घटकावर पिकाची वाढ अवलंबून असते, हा नियमही मूळ त्याचाच. पाठ्यपुस्तके मात्र तो आजही एकट्या लीबिगच्या नावे शिकवतात. ही दुरुस्ती होणे उचित ठरेल.

लीबिगच्या 1840 च्या ग्रंथाने खनिज-सिद्धांताला प्रतिष्ठा दिली, परंतु त्याचे खत फसले. 1845 च्या सुमारास बाजारात आलेल्या या खतातील क्षार पावसाने वाहून जाऊ नयेत, म्हणून ते वितळवून अविद्राव्य करण्यात आले होते. परिणामी ते पिकाला मिळालेच नाहीत. माती स्वतःच अमोनिया व पालाश धरून ठेवते, हे वेने 1850 मध्ये दाखवून दिले. हवेतील अमोनिया पिकाला पुरतो, हे लीबिगचे मतही लॉज व गिल्बर्ट यांच्या रॉदॅमस्टेड येथील गव्हाच्या प्रयोगांपुढे टिकले नाही.

मातीतून एखादे मूलद्रव्य वगळता येत नाही, द्रावणातून येते. 1860 च्या सुमारास झाक्स व क्नॉप यांनी याच तत्त्वावर क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवली. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह ही दहा द्रव्ये पुरेशी आहेत, असे त्यानंतर दीर्घकाळ मानले गेले. येथे पद्धतीतच एक उणीव दडलेली होती. ‘शुद्ध’ क्षारांत, पाण्यात, काचेत इतर धातूंचे सूक्ष्म अंश होते आणि रोपे त्यांवर निमूटपणे पोसत होती. शुद्धीकरण सुधारले, तशी ही गुपिते उघडी पडली. 1923 मध्ये कॅथरीन वॉरिंग्टन यांनी बोरॉनची आवश्यकता सिद्ध केली. 1926 मध्ये जस्ताची, 1931 मध्ये तांब्याची, तर 1939 मध्ये मॉलिब्डेनमची आवश्यकता स्पष्ट झाली.

प्रयोगशाळेतील या साधनाला शेतीचे रूप देण्याचा आग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी 1929 पासून धरला. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव 1937 मध्ये रूढ झाले आणि वृत्तपत्रांतून चमत्काराच्या वार्ता पसरल्या. त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी 1938 मध्ये दिलेला निर्वाळा संयमी होता: द्रावणातील पीक उत्तम जमिनीतील पिकाहून मूलतः सरस नसते, प्रकाशासारख्या अन्य मर्यादा दोन्हीकडे सारख्याच लागू होतात. हा निर्वाळा रास्तच होता. मात्र जेथे जमीनच नाही वा ती नापीक आहे, तेथे या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही. बंगालमधील कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी 1946 पासून स्वस्त साधनांनी ही पद्धती राबवण्याचा जो प्रयत्न केला, तो या दृष्टीने पाहावा लागतो.

द्रावणाला मातीचे आधारबल नसते. मातीतील चिकण व सेंद्रिय कण पालाश आणि अमोनियम धरून ठेवतात, सामूतील बदल सौम्य करतात, आणि जिवाणू युरियाचे रूपांतर नायट्रेटपर्यंत करतात. द्रावणात ही सारी कामे माणसावर येतात. म्हणून तेथे नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात दिला जातो आणि सामू वारंवार तपासावा लागतो. लोह तर स्फुरदाशी संयोग पावून तळाशी बसत असे. 1951 मध्ये जेकबसन यांनी ते ईडीटीएशी बद्ध स्वरूपात देऊन ही अडचण दूर केली.

भांड्यातील हे ज्ञान शेतात परतले, याचे बोलके उदाहरण भारतातच आहे. उत्तर प्रदेशच्या तराई भागात भाताची पाने तांबूस पडून रोपे खुंटत. ‘खैरा’ नावाचा हा विकार रोगजंतूंमुळे नसून जस्ताच्या अभावामुळे होतो, हे 1960 च्या दशकात पंतनगर येथे य. ल. नेने यांनी सिद्ध केले. त्यावर झिंक सल्फेट व चुना यांची फवारणी करण्यात येऊ लागली.