विद्येची वाट आणि दुसरे घर

सोडमुंजीच्या वेळी आपल्याकडे एक गमतीचा विधी होतो. बटू पायांत वहाणा घालून, हाती काठी व छत्री घेऊन काशीस निघतो. मामा त्याची वाट अडवितो आणि 'मुलगी देतो, पण परत चल' असे सांगून त्यास माघारी आणतो. जमलेली मंडळी हसतात आणि पंगतीची तयारी सुरू होते. परंतु या लुटुपुटीच्या प्रवासात एक खरा प्रश्न दडलेला आहे. विद्येसाठी घर सोडावे, की घर राखून विद्या मिळवावी? आपल्या पूर्वजांनी शिष्याला 'अंतेवासी' म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा असे नाव दिले, त्यात त्यांचे उत्तर स्पष्ट आहे. मात्र गुरुगृही राहण्याची सोय प्रत्येकास होती असे नव्हे, आणि आजही ती प्रत्येकास नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. काळी नदीच्या खोऱ्यातील हा अरण्यप्रदेश. विस्तार मोठा आणि वस्ती अगदी विरळ. २०११ च्या जनगणनेत साऱ्या तालुक्याची लोकसंख्या अवघी बावन्न हजारांच्या आसपास भरली. कोकणी आणि मराठी बोलणारी कुणबी व इतर कुटुंबे येथे दूरदूरच्या वाड्यांतून राहतात. जोयड्याहून धारवाड सुमारे ८० किलोमीटर, आणि अणशी घाटाने कारवारही जवळजवळ तितकेच. पदवीपर्यंतचे शिक्षण आता जोयडा, दांडेली येथे मिळू शकते. पुढे शिकावयाचे तर रोज पहाटे बस धरावी किंवा शहरात बिऱ्हाड करावे. यांपैकी बरे कोणते, याचा विचार करण्यापूर्वी मागील दीडशे वर्षांवर दृष्टी टाकणे उपयुक्त होईल, असे आम्हांस वाटते.

१८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत. ही महाविद्यालये मुंबई-पुण्यास असल्यामुळे कानडा जिल्ह्यातील मुलास रोज जाऊन येण्याचा विकल्पच नव्हता. शिकावयाचे म्हणजे घर सोडावयाचे, आणि ते कित्येक महिन्यांसाठी.

या वाटेने गेलेल्यांची नावे आपल्या समाजास परिचित आहेत. पहिल्या पदवीधरांतील रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणास जन्मले, रत्नागिरीस शिकले आणि १८५३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. १८५५ साली होन्नावरास जन्मलेले नारायण गणेश चंदावरकर मुंबईस गेले, तेव्हा तेथे त्यांस मामा शामराव विठ्ठल कायकिणी यांचा आधार होता. पुढे भांडारकर आणि चंदावरकर हे दोघेही त्याच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सोडमुंजीतला मामा भाच्यास वाटेवर अडवितो. चंदावरकरांच्या मामांनी त्यास वाटेच्या दुसऱ्या टोकास घर दिले. या मुलांच्या बुद्धीविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यांस रात्री पाठ टेकावयास जागा कोणी दिली, याविषयी मात्र फारसे बोलत नाही.

ज्यांस असे मामा नव्हते, ते 'वार लावून' जेवीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे आठवड्याची सात घरे जमवावयाची. एखादे घर चुकले तर त्या दिवशी माधुकरी मागावी किंवा उपाशी राहावे. या पद्धतीत मानहानी होती, तशी माणुसकीही होती. पण ही घरे बहुधा जातीच्या कुंपणातली होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शेतकरी कुणब्याच्या मुलासाठी शहरात ना मामा होता, ना वार. ही उणीव ओळखून शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू करविले व पुढे अनेक समाजांच्या वसतिगृहांस साहाय्य केले. पुण्यास १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली ठेवून शिकविली. शिक्षणाचा खरा विस्तार झाला तो या दुसऱ्या घरांच्या बळावर.

आता जोयड्याकडे पुन्हा वळू. मुरगाव बंदराहून निघालेला लोहमार्ग १८८० नंतरच्या दशकात घाट चढून कॅसलरॉकला पोहोचला आणि लोंढ्यास मिळाला. कॅसलरॉक हे याच तालुक्यातील सरहद्दीचे स्थानक. पणजीस पोर्तुगिजांची वैद्यकशाळा होती. परंतु मुंबई विद्यापीठाची पदवी ज्यास हवी, त्या गोमंतकीय तरुणास घाटावर यावे लागे आणि लोहमार्गाची वाट कॅसलरॉकवरूनच होती. तेथे जकातीची तपासणी उरकून तो बेळगाव, धारवाड, पुणे गाठी. १९५५ साली ही वाहतूक बंद पडेपर्यंत हे स्थानक गोव्याच्या विद्यार्थ्यांचे द्वार होते. आणि त्या द्वाराभोवतीच्या रानातील मुले? त्यांच्या तालुक्यातून गाडी जात होती, येथील सागवान लोहमार्गाने दूरदेशी पोहोचत होते. पण वाडीपासून स्थानकापर्यंतची पायवाट आणि उतरल्यावर राहण्यास घर, या दोन गोष्टींवाचून ती गाडी त्यांच्यासाठी नसल्यासारखीच होती.

विद्यापीठ मात्र हळूहळू जवळ आले. १९१७ साली धारवाडास कर्नाटक महाविद्यालय उघडले. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे कार्यालय आरंभी मुंबईस होते, ते १९५० साली धारवाडास आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उत्तर कानडा म्हैसूर राज्यात गेला आणि मुंबई-पुण्याकडे असलेले तोंड धारवाडाकडे वळले. अंतर शेकडो मैलांवरून ८० किलोमीटरांवर आले. येथूनच रोज जाऊन येण्याचा विचार प्रथम शक्य झाला. मध्यंतरी या तालुक्याने आणखी एक स्थलांतर पाहिले. काळी नदीवरील धरण १९८७ च्या सुमारास पुरे झाले आणि तालुक्याचे जुने ठाणे सुपे पाण्याखाली गेले. रामनगर येथे पुन्हा घरे बांधणाऱ्या कुटुंबांस 'घर सोडणे' या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. अशा घरातील आई मुलास शहरात पाठविताना कचरली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

रोजच्या प्रवासाची बाजूही दुबळी नाही. मूल आईच्या हातचे जेवते, खोलीचे भाडे वाचते, लावणी-कापणीस दोन हात मिळतात, सणवार व देवकार्य चुकत नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी बसगाड्यांत स्त्रियांस विनामूल्य प्रवास मिळू लागल्यामुळे मुलींच्या तिकिटाचा खर्चही उरला नाही. परंतु ८० किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे यात दिवसाचे चार-पाच तास खर्ची पडतात. ग्रंथालयात दिवे लागण्याच्या वेळी विद्यार्थ्यास बसस्थानक गाठावे लागते; तास संपल्यावर गुरुजनांशी होणारे बोलणे, ज्यातून खरी विद्या अंगी लागते, त्याच्या वाट्यास येत नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, की वर्गही बुडतो. आणि ज्या वाडीपासून बसचा थांबाच तासाभराच्या पायवाटेवर आहे, तेथील मुलीस संध्याकाळी रानातून एकटीने परतावे लागेल, एवढ्या एका कारणाने तिचे शिक्षण थांबते.

या संदर्भात महर्षी कर्व्यांचे चरित्र आम्हांस फार बोलके वाटते. सतरा वर्षांचे धोंडो केशव १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास, शंभरांहून अधिक मैल, सोबत्यांसह पायी गेले. आणि दिसावयास लहान म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. चालण्याची पराकाष्ठा करूनही दार उघडत नाही, हे त्यांनी कोवळ्या वयात अनुभविले. त्याच कर्व्यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास नेला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. आधी निवारा, मग विद्यापीठ, हा त्यांच्या कार्याचा क्रम होता. परक्या गावी लेकीस ठेवण्याइतका विश्वास वाटेल असे घर असल्याखेरीज तिचे आईबाप तिला पाठविणार नाहीत, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून 'रोज जावे की राहावे' या वादात एकाचीच बाजू घेणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यास दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, त्याने आपल्या घरच्या परिस्थितीप्रमाणे निवड करावी. पण राहण्यास जागा नाही म्हणून जो रोज प्रवास करतो, त्याने निवड केली असे म्हणता येत नाही. आणि ज्याने यामुळे शिक्षणच सोडले, त्याच्याविषयी तर बोलावयासच नको.

येथे आपल्या देवस्थानांचे कर्तव्य सुरू होते. दुरून आलेल्या कुळाव्यास रात्र काढता यावी म्हणून आपल्या पूर्वजांनी देवळाशेजारी अग्रशाळा बांधल्या. धारवाडच्या मुरुघा मठासारख्या वीरशैव मठांनी विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवण्याची सोय करून दासोहाची परंपरा नव्या काळास जुळवून घेतली. आपल्या अग्रशाळांतील खोल्या जत्रेचे व उत्सवांचे दिवस सोडले, तर किती रात्री बंद असतात, याचा हिशेब प्रत्येक महाजनाने आपल्या देवस्थानात विचारावा. जेथे देवस्थान शहरात वा शहरानजीक आहे, तेथे काही खोल्या विद्यार्थ्यांस आणि स्वतंत्र व्यवस्थेसह विद्यार्थिनींस द्याव्यात. जेथे ते दूर आहे, तेथे उत्पन्नाचा एक हिस्सा वसतिगृहाकडे वळवावा. त्यात कुळ आणि ज्ञाती पाहू नये. आपल्या मुलांस मामा होते. ज्यांस ते नव्हते, त्यांचे देणे आपल्याकडे राहिले आहे.

काशीस निघालेल्या बटूस आपण हसत हसत परत आणतो, ते त्याने घर मांडावे म्हणून. जोयड्याच्या वाडीतून खरोखरच निघालेल्या मुलास किंवा मुलीस परत आणण्याची घाई नको. संध्याकाळी त्यांच्यासाठी एखादे दार उघडे असावे, इतकी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ होईल.