विस्तव जाणे, न जाणे

नववीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवताना दर वर्षी मी एका जागी थांबते. ‘त्या दोघांत विस्तव जात नाही.’ अर्थ मुलं पाठ करून आलेली असतात : कट्टर वैर असणे. पण हा विस्तव कुठून कुठे जायचा होता, ते कोणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी उर्दूच्या तासाला ‘आग लेने आए थे क्या?’ निघालं की तिथेही तीच शांतता. आल्या पावली परत निघालेल्या पाहुण्याला हे विचारतात. खापरीवर निखारा घेतलेला माणूस दारात गप्पा मारत उभा राहत नाही, तो विझायच्या आत घर गाठतो. म्हणजे मराठीने वैराची खूण ज्या रिवाजावरून घेतली, त्याच रिवाजावरून उर्दूने घाईची घेतली. शेजारणीकडून विस्तव आणायचा रिवाज.

माझ्या दादीने हा रिवाज परळमध्ये पाळला. ती रत्नागिरीकडच्या खेड्यातून लग्न होऊन गिरणगावातल्या चाळीत आली. दादा साचेखात्यात. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी त्यांचा डबा तयार हवा, म्हणजे चूल चारला पेटलेली हवी. त्याची तयारी आदल्या रात्रीच सुरू व्हायची. जेवणं झाली की एक जाड निखारा राखेत पुरून ठेवायचा. पहाटे राख उकरली की तो आत लाल असायचा. त्यावर नारळाच्या सोडणाचा भुगा, मग ढलप्या, त्या धरल्या की मग जाड लाकूड. लाकडं एकमेकांना चिकटवायची नाहीत, मध्ये वाऱ्याला वाट ठेवायची. फुंकणीतून फुंकर लांब आणि संथ घालायची, जोर केला तर राख डोळ्यांत. जाळ वाढवायचा तर लाकूड आत सारायचं, उतरवायचा तर बाहेर ओढायचं. भाकरी मात्र जाळावर नाही, पुढे ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवायची. ओलं लाकूड आलं की टोकाला फेस आणि खोलीभर धूर. त्या दिवशी वखारवाल्याचा उद्धार ठरलेला.

कधी राखेतला निखाराही विझायचा. मग खापरी घेऊन शेजारी. काडेपेटी नव्हती का? होती. पण काडीने लाकूड पेटत नाही. त्याला घासलेटात भिजवलेली चिंधी लागते, आणि घासलेट मोजून मिळायचं. तयार निखाऱ्यावर काम चार फुंकरांत व्हायचं.

चूल म्हणजे कुटुंब, हा हिशेब मराठीत जुनाच आहे. वेगळी चूल मांडली म्हणजे घर वेगळं झालं. चूलबंद आमंत्रण म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवण. हाच हिशेब १९२२ साली मुंबईच्या एका सरकारी अहवालात दिसतो. गिरणीत राबणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करायला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, साधारण १५ फूट लांब आणि १२ फूट रुंद खोलीत त्यांना सहा कुटुंबं राहताना आढळली. मोठी माणसं आणि मुलं धरून तीस जीव. रात्री बांबूंवर कपडे आणि गोणपाट टाकून आडोसा केला जायचा. सहा बायकांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. आणि कुटुंबं सहाच आहेत याचा पुरावा म्हणून बाईंनी जमिनीवरच्या सहा वेगवेगळ्या चुली नोंदवल्या. त्या सहा चुली पहाटे एकदम पेटल्यावर त्या तिघींनी श्वास कसा घेतला असेल, हे अहवालात नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचं शिक्षण परळच्या डबक चाळीतल्या अशाच एका खोलीत झालं. चूल, लाकडं, भांडी, अभ्यास, झोप, सगळं तिथेच. गिरणीच्या इतिहासात आपण उंच धुराडी मोजतो. हा दुसरा धूर कौलांमधून आणि बायकांच्या छातीतून गेला, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

गंमत अशी की मुंबईचा गॅस त्याच वस्तीत होता. शहरात गॅसचे दिवे लागले १८६५ साली आणि लालबागला गॅस कंपनी लेन आजही आहे. कोळशापासून काढलेला तो गॅस रस्ते उजळत होता, चाळीत मात्र लाकूड आणि शेणी. सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५० च्या दशकात आला, तोही आधी ऐपतवाल्यांकडे. आमच्या गॅलरीत माझ्या लहानपणीही भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. नीट ठासला असेल तर तासन् तास एकसारखा जळतो. सैल राहिला तर मध्येच ढासळतो. माझा नेहमी ढासळायचा.

खानावळवाल्या बायकांची चूल तर थंडच व्हायची नाही. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे महिन्याने जेवत. पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन. किराणा उधारीवर, व्याज भारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. सात वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, कित्येक गावी परतले. गिऱ्हाईकच उरलं नाही तर चूल कोणासाठी पेटवायची?

आता मूळ प्रश्न. विस्तव कोणाकोणात जात होता? सगळ्यांत जात होता असं मी म्हणणार नाही. साचेखात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगाराला तिथे घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. पाण्याची भांडी वेगळी होतीच. आमच्या मजल्यावरच्या एक बाई दादीच्या हातचं पाणी कधी प्यायल्या नाहीत, पण विस्तव न्यायच्या. दादीने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “अगं, विस्तवाला कसला विटाळ?” दादी हे सांगताना हसायची, पण त्यांना रिकामं कधी पाठवलं नाही. पाणी, चारा आणि विस्तव यांत सगळ्यांचा वाटा असतो अशा आशयाची हदीस आहे, तिला ती तोंडपाठ होती. पुढे पुढे त्या बाई चहाही प्यायला लागल्या. किती वर्षं लागली, ते दादीने कधी मोजलं नाही.

१९९३ च्या जानेवारीनंतर आम्ही मुंब्र्याला आलो. तोपर्यंत दोन्ही घरांत गॅस होता, मागण्यासारखं काही नव्हतं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा त्या बाई खाली आल्या आणि दादीशी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. फुंकणी तेवढी दादीने त्यांना दिली. गॅसवर तिचं काय करणार, असं अब्बा म्हणाले. त्या दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.