जीवशास्त्राची परीक्षा : पाठांतराकडून आकलनाकडे

म्हैसूर शहराच्या पश्चिम भागात जयलक्ष्मीपुरम नावाची वसाहत आहे. महाजन महाविद्यालय तेथेच आहे. शेजारच्या वोंटिकोप्पल भागात कन्नडचे राष्ट्रकवी कुवेंपू यांचे ‘उदयरवि’ हे निवासस्थान आहे, आणि जवळच मानसगंगोत्री हा म्हैसूर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्यासाठी १९०५ साली बांधलेला जयलक्ष्मी विलास प्रासाद या परिसराचीच शोभा आहे. एकोणिसाव्या शतकातील कुक्करहळ्ळीचा तलाव आणि त्यावर उतरणारे पक्षीही येथून दूर नाहीत.

मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात या दूरच्या वसाहतीचे स्मरण व्हावे, याला कारण आहे. जीवशास्त्र शाळेत कसे शिकवावे व त्याची परीक्षा कशी घ्यावी, या प्रश्नांवर देशात ज्या मोजक्या ठिकाणी पद्धतशीर काम झाले, त्यांपैकी एक संस्था मानसगंगोत्रीत आहे. विज्ञान मातृभाषेतून शिकावे की नाही, हा मराठी पालकांना आजही छळणारा प्रश्न ज्या थोर पुरुषाने आपल्या भाषेच्या बाजूने धैर्याने हाताळला, त्याचे घरही तेथून जवळच आहे. हे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे वाटतात. दहावीच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टेबलावर मात्र ते एकत्र येतात.

प्रश्नपत्रिकेचे राज्य

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी घेतलेल्या या परीक्षेने पुढील जवळजवळ नव्वद वर्षे शाळांच्या अभ्यासक्रमावर राज्य केले. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ आले आणि १९४९ पासून एस. एस. सी. परीक्षा सुरू झाली. मंडळ बदलले तरी परीक्षेचा स्वभाव फारसा बदलला नाही. ‘वर्णन करा’, ‘माहिती लिहा’, ‘टिपा द्या’ असे दीर्घोत्तरी प्रश्न विचारले जात. ज्याचे पाठांतर चोख आणि हस्ताक्षर सुवाच्य, तो विद्यार्थी निभावून जाई. शरीरविज्ञान व आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातील हृदयाचे वर्णन घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला स्वतःच्या मनगटावरील नाडीचा आणि त्या वर्णनाचा संबंध सांगता येईलच, असे नव्हते.

डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. परीक्षा ही शिक्षणाची सेविका असावी, ती स्वामिनी होऊन बसली आहे, असा त्या अहवालाचा एकूण रोख होता. बाह्य परीक्षांचे प्राबल्य कमी करावे, वस्तुनिष्ठ प्रश्नांचा उपयोग करावा, वर्षभराच्या कामाची नोंद ठेवावी, अशा शिफारशी आयोगाने केल्या. सामान्य विज्ञानाला सर्वांच्या अभ्यासक्रमात स्थान द्यावे, असेही सुचवले.

शिफारशी कागदावरून वर्गात आणण्यासाठी १९५७-५८ मध्ये शिकागो विद्यापीठाचे प्रा. बेंजामिन ब्लूम भारतात आले. शैक्षणिक उद्दिष्टांचे त्यांचे वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध झाले होते. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या त्यातील सहा पायऱ्या होत. देशभरातील शिक्षकांसाठी कार्यसत्रे झाली आणि १९५८ साली केंद्रीय परीक्षा कक्षाची स्थापना झाली. भारतीय शाळांसाठी या सहा पायऱ्या ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ अशा चार उद्दिष्टांत सुटसुटीत करण्यात आल्या. बी. एड. केलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे चार शब्द आणि त्यांच्या आधारे आखलेला संविधान तक्ता पाठ असतो. परंतु त्यामागचा हा प्रवास क्वचितच ठाऊक असतो.

मानसगंगोत्रीतील प्रयोग

प्रश्न बदलायचे, तर ते विचारणारा शिक्षकही वेगळ्या पद्धतीने घडला पाहिजे. १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजेच एन. सी. ई. आर. टी. ने, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये उभारली. म्हैसूरचे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या कक्षेत आले. दक्षिणेकडील राज्ये म्हैसूरकडे गेली. पुढे या महाविद्यालयांचे नामांतर ‘प्रादेशिक शिक्षण संस्था’ असे झाले.

येथील चार वर्षांचा एकात्मिक बी. एस्सी. एड. अभ्यासक्रम हे त्या काळी नावीन्य होते. आधी पदवी आणि मग वर्षभराचे अध्यापन प्रशिक्षण, अशी रूढ पद्धत होती. म्हैसूरला रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेणारा विद्यार्थी पहिल्यापासूनच ‘हे आपल्याला मुलांना शिकवायचे आहे’ या जाणिवेने शिकू लागला. आवारातच प्रात्यक्षिक शाळा होती. सकाळी पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तरुण त्याच आवारातील खऱ्या वर्गात पाठ घेऊ शकत होता. विषयाचे ज्ञान आणि ते पोहोचवण्याची कला यांतील अंतर अशा रीतीने कमी झाले. याच सुमारास परिषदेने प्रा. पंचानन माहेश्वरी या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली उच्च माध्यमिक वर्गांसाठी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. नामांकित संशोधकाने शाळेच्या पुस्तकासाठी आपला वेळ द्यावा, ही गोष्ट आजही अनुकरणीय वाटते.

नव्या दृष्टीने नेमके काय बदलले, हे एका परिचित प्रयोगावरून स्पष्ट होईल. कुंडीतील रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे. मग एका पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून रोप उन्हात ठेवायचे. नंतर ते पान गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये उकळून त्यावर आयोडीनचे द्रावण टाकायचे. उघडा भाग निळसर काळा होतो, झाकलेला होत नाही. अनेक माजी विद्यार्थ्यांना हा प्रयोग आठवत असेल. जुन्या पद्धतीत प्रश्न येई : ‘प्रकाशसंश्लेषणास सूर्यप्रकाश आवश्यक असतो, हे सिद्ध करणारा प्रयोग लिहा.’ साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या चार मथळ्यांखाली पाठ केलेला मजकूर उतरवला की गुण मिळत.

हाच प्रयोग नव्या पद्धतीने विचारता येतो. रोप आधी अंधारात का ठेवले? न ठेवल्यास निष्कर्षात कोणती चूक होईल? अल्कोहोल थेट ज्योतीवर का तापवायचे नाही? पाठांतराने या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. पानात आधी साठलेला स्टार्च संपला नाही, तर झाकलेला भागही निळा होईल आणि प्रयोग काहीच सांगणार नाही, हे ज्याला उमगले, त्यालाच पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येतील. अल्कोहोल ज्वालाग्राही असते, हे ज्याने प्रयोग करताना अनुभवाने जाणले, तो तिसरे उत्तर जन्मभर विसरणार नाही. प्रश्न बदलला की अभ्यास बदलतो, हा सर्व परीक्षा-सुधारणांचा गाभा आहे.

महाराष्ट्रातील साठ वर्षे

याच काळात महाराष्ट्रातही नव्या संस्था उभ्या राहत होत्या. १९६६ च्या प्रारंभी राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ अस्तित्वात आले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि जानेवारी १९६७ मध्ये ‘बालभारती’ने काम सुरू केले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य करण्याची शिफारस केली. १९७५ साली नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. अकरावीच्या शालान्त परीक्षेची जागा दहावीने घेतली आणि विज्ञान ही निवडक मुलांची मिरासदारी राहिली नाही.

मंडळे आली, पुस्तके आली. तरी पुस्तकातील वाक्य मुलाला कळते काय, हा प्रश्न उरलाच. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने त्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांबरोबर काम केले. १९८० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राने सातत्याने मार्गदर्शन केले. केंद्राचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट ठळकपणे आढळली : ज्यांना ‘कच्ची’ म्हटले जाई, त्या मुलांपैकी कित्येकांची बुद्धी कमी नव्हती, पुस्तकाची भाषा त्यांच्या वाटेत आडवी येत होती. ती सोपी केल्यावर आणि मुलांना बोलते केल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. पुस्तक मराठीत होते, पण मुलाच्या मराठीत नव्हते. मातृभाषेतील शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक शाळेने हे वाक्य मनाशी ठेवावे.

भाषेचा प्रश्न

येथे कुवेंपूंची आठवण होते. १९५६ ते १९६० या काळात ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘मानसगंगोत्री’ हे नाव त्यांनीच दिले. शिक्षणाचे माध्यम म्हणून कन्नडचा त्यांनी निष्ठेने पुरस्कार केला आणि ज्ञान सामान्य माणसाच्या भाषेत उतरले पाहिजे, असा आग्रह धरला. त्यांना विरोध करणारेही होते. ‘या भाषेत विज्ञान मावेल काय?’ हा संशय मराठीप्रमाणे कन्नडच्याही वाट्याला आला. त्या संशयाला पुढे एका शास्त्रज्ञाने आपल्या लेखनाने उत्तर दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामी यांच्या ‘हसिरु होन्नु’ या कन्नड पुस्तकाला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांसह केलेल्या वनभ्रमंतीतून वनस्पतींची ओळख करून देणारे पुस्तक साहित्य म्हणून गौरवले गेले. मराठीत हीच वाट ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने १९२८ पासून चोखाळली होती.

दोन्ही भाषांची परिभाषा शेजारी ठेवून पाहावी. मराठीत ‘प्रकाशसंश्लेषण’, कन्नडमध्ये ‘द्युतिसंश्लेषण’. मराठीत ‘पेशी’, कन्नडमध्ये ‘जीवकोश’. श्वसनासाठी मात्र कन्नड मूल ‘उसिराट’ हा घरातलाच शब्द वापरते. चांगला पारिभाषिक शब्द स्वतःच निम्मे उत्तर सांगतो. ‘हरितलवक’ ऐकताच त्याचा रंग कळतो. सीमाभागातील बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माध्यमाची मुले कर्नाटक मंडळाची दहावी मराठीतून देतात. एका राज्याच्या परीक्षेत दुसऱ्या राज्याची भाषा नांदू शकते, याचा हा जिवंत दाखला आहे.

तरीही पालकांची चिंता खोटी नाही. दहावीपर्यंत ‘केंद्रक’ आणि ‘तंतुकणिका’ म्हणणारे मूल अकरावीच्या विज्ञान शाखेत जाते आणि पहिल्या तासापासून सारे इंग्रजीत ऐकते. कित्येक हुशार मुलांनी त्या पहिल्या सहामाहीत आत्मविश्वास गमावला आहे. या भीतीतूनच सेमी-इंग्रजीचा मार्ग पुढे आला आणि मराठी शाळांनी तो स्वीकारला. त्यात वावगे काही नाही. परंतु इंग्रजीतील व्याख्या न कळता पाठ होऊ लागली, तर १९५३ साली मुदलियार आयोगाने दाखवलेले दुखणेच नव्या वेषात परत येईल. संकल्पना आधी स्वतःच्या भाषेत पक्की व्हावी आणि इंग्रजी संज्ञा तिच्याशेजारी पहिल्यापासून बसावी. मराठी पाठ्यपुस्तके ती संज्ञा सोबत छापतात, ती यासाठीच. ज्याला स्टार्च अंधारात का संपतो हे मराठीत समजले, त्याला इंग्रजीत केवळ शब्द नवे शिकावे लागतात.

आजची परीक्षा

दहावीचे विज्ञान आज दोन भागांत विभागले आहे. प्रत्येकी ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा व २० गुणांचे प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापन, अशी रचना आहे. २०१८ साली आलेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान असे जीवशास्त्राचे प्रकरणवार दर्शन घडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पाठांतराऐवजी मूलभूत क्षमता तपासणाऱ्या परीक्षेचा आणि मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. ब्लूम यांच्या कार्यसत्रांपासून सुरू झालेली वाट अद्याप संपलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

दरवर्षी जानेवारी उजाडला की अपेक्षित प्रश्नसंच घरोघरी येतात. ते सोडवावेत, सरावाला त्यांचा उपयोग होतो. परंतु सुबक, नामनिर्देशित आकृती दहा वेळा गिरवण्यापूर्वी मुलाने ती वस्तू एकदा तरी प्रत्यक्ष पाहावी. जास्वंदीचे फूल उभे चिरून पाहावे, भिजवलेल्या मटकीचे मोड पाहावेत, जिना धावत चढून नाडी मोजावी. संध्याकाळी आई, वडील किंवा आजी यांनी एखादा धडा मुलाकडून साध्या बोलीत समजून घ्यावा. त्यांना जीवशास्त्र येत नसले, तर अधिकच चांगले. कारण मग मुलाला खरोखर समजावून सांगावे लागते. जेथे ते अडखळेल, तेथेच त्याचा अभ्यास राहिला आहे, असे समजावे.

शाळेच्या साठ वर्षांत पुस्तके अनेकदा बदलली, प्रश्नपत्रिकांचे आराखडे बदलले, काळ्या फळ्यांच्या जागी पडदे आले. प्रयोगशाळेच्या खिडकीत अंधारातून आणून ठेवलेले कुंडीतील रोप मात्र बदललेले नाही. त्याच्या झाकलेल्या पानाकडे पाहून ‘असे का?’ असे विचारणारी मुले या शाळेतून पुढेही बाहेर पडत राहोत, आणि तो प्रश्न त्यांना आपल्या मराठीतून विचारता येवो.