राजापूर बंदराचा नित्य व्यवहार

राजापूरचें नांव निघालें कीं वाचकांस इंग्रजांची वखार आठवते. १६६० त पन्हाळ्याच्या वेढ्यांत तेथील वखारवाल्यांनीं सिद्दी जौहरास दारूगोळ्याचें साहाय्य केलें. १६६१ त शिवाजीमहाराजांनीं राजापूर घेऊन हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती यांस कैद केलें. १६६३ त ते सुटले. हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. परंतु वखारवाले कैदेंत असतां खाडीची भरती कांहीं थांबली नव्हती. बंदर ज्यांच्या श्रमावर चाले, त्यांजकडे थोडें पाहावें एवढाच आमचा हेतु आहे.

राजापूर समुद्रकांठीं नाहीं. अर्जुना नदीच्या खाडीनें बरेंच आंत गेल्यावर तें लागतें. खाडीच्या मुखाशीं जैतापूर आहे. मोठीं जहाजें मुखाशीं नांगरीत. त्यांतील माल मचव्यांत व पडावांत उतरून भरतीबरोबर वर येई आणि देशावरून आलेलें मिरें, कापड इत्यादि जिन्नस ओहोटीबरोबर खालीं जात. भरती रोज सुमारें दोन घटका उशिरां येते. म्हणजे आज भर दुपारीं धक्क्यास लागणारा पडाव आठवड्यानें दिवेलागणीस लागावयाचा. हमालांचा दिवस सूर्यावर नव्हे, चंद्रावर मोजला जाई. जड पडाव अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास वर न्यावे, अष्टमीच्या भांगास हलके, हें तांडेलास कोणी शिकवावें लागत नसे. पावसाळ्यांत समुद्र बंद. गलबतें शाकारून ठेवीत, आणि त्या दिवसांत सुताराच्या हातास डागडुजीचें काम मिळे.

धक्क्यावर माल येतांच मापारी, दलाल व जकातीचे कारकून यांचें काम सुरू होई. कोंकणच्या बंदरांत भरून जाणाऱ्या मालावर थळभरीत व तेथेंच विकल्या जाणाऱ्यावर थळमोड असे. पुढें तोच माल बैलांवर लादून अणस्कुऱ्याच्या घाटानें देशावर चढे. जहाज ते बैल एवढ्या मार्गांत एका गोणीस कितीदां तरी खांदा बदलावा लागे. व्यापाऱ्यास ही अडचण वाटली असेल, पण गांवाची भाकरी तीच होती. जकात सरकारांत जमा होई. मजुरी खाडीकांठींच राही.

हें तत्कालीन राज्यकर्ते जाणून होते. १६७१ त महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाविषयीं लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. फिरंग्यांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडे, म्हणून घाटावरचे व्यापारी तिकडे वळत. तेव्हां त्या मिठावर अशी जकात बसवावी कीं तें संगमेश्वरच्या मिठाहून स्वस्त पडूं नये, अशी ती आज्ञा. येथें जकातीकडे केवळ वसुलाचें साधन म्हणून पाहणें आम्हांस चुकीचें वाटतें. मिठाचें गिऱ्हाईक फिरलें तर आपलीं बंदरें व त्यांवर जगणारे लोक बुडतील, ही भीति त्या हुकुमामागें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि साहुकारांस जपावें, पण टोपीकरांस बंदरीं जागा देऊं नये असा भेद स्पष्ट केला आहे. राजापूरचा अनुभव त्यांस विसरला नसावा.

राजापूरचा व्यापार कोणत्याहि स्वारीनें कायमचा मोडला नाहीं. गाळानें मात्र खाडी उथळ झाली. १८८० त रत्नागिरी जिल्ह्याचें गॅझेटिअर निघालें, तेव्हां मोठीं गलबतें जुन्या दगडी धक्क्यापर्यंत येऊं शकत नव्हतीं. धक्का जागच्या जागीं होता. चढउताराचें काम तेवढें खाडीच्या खालच्या अंगास सरकलें होतें.