संमतिपत्र : महामारीतील शाळा आणि पालकांचा वाद



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजनांविषयी येथे पुष्कळ बोलले गेले आहे. त्यांच्या हयातीत एक प्रश्न मात्र कधी उद्भवला नव्हता : शाळा उघडावी की न उघडावी, हे पालकांनी ठरवायचे काय? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो या शहरातील घराघरांत विचारला गेला. ही घटना आपल्या इतक्या निकटची आहे की तिला इतिहास म्हणताना जीभ अडखळते. तरी स्मरण ताजे आहे तोवरच तिची नोंद व्हावी, म्हणून आज हा विषय निवडला आहे.

प्रथम घटनाक्रम. मार्च २०२० च्या मध्यास मध्यप्रदेशातील शाळा बंद झाल्या. २१ सप्टेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या मुलांना शंकानिरसनापुरते शाळेत येण्याची मुभा मिळाली. १८ डिसेंबरपासून दहावी-बारावीचे वर्ग भरू लागले. पुढे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसरी लाट आली आणि सारे पुन्हा बंद झाले. त्यानंतर २६ जुलै २०२१ ला अकरावी-बारावी, ५ ऑगस्टला नववी-दहावी, १ सप्टेंबरला सहावी ते आठवी आणि अखेरीस २० सप्टेंबरला पहिली ते पाचवी, असा क्रम लागला. जानेवारी २०२२ च्या उत्तरार्धात पुन्हा कुलूप आणि १ फेब्रुवारीपासून पुन्हा निम्म्या उपस्थितीने आरंभ. म्हणजे प्राथमिक वर्गांची दारे सुमारे अठरा महिने बंद होती. २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे म्हणून.

हा क्रम कोणी ठरवला? माझ्या मते तो परीक्षेने ठरवला. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडल्या तेव्हा सर्वांत धाकट्या मुलांना आधी बोलावले. लहानग्यांना पडद्यावरून शिकवता येत नाही आणि ते घरी असता आईबापांना कामावर जाता येत नाही, हा त्यामागील सरळ विचार होता. तेथेही आपल्या लेकरांवर हा प्रयोग नको म्हणणारे पालक होतेच. आपण नेमके उलट केले. ज्याची बोर्डाची परीक्षा जवळ तो पुढे आणि ज्याला अद्याप बाराखडी यायची आहे तो सर्वांच्या मागे. मराठीचा अध्यापक म्हणून मला हे विशेष जाणवते. अक्षरओळख ही सुरात, घोळक्यात, शेजारच्याच्या पाटीत डोकावून होणारी गोष्ट आहे. आणि इंदुरासारख्या हिंदीने वेढलेल्या शहरात मराठी घरातील कित्येक मुलांना मराठी अक्षर प्रथम भेटते ते शाळेच्या फळ्यावरच.

आता संमतिपत्राकडे वळू. केंद्र शासनाने ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशान्वये राज्यांना १५ ऑक्टोबरनंतर टप्प्याटप्प्याने शाळा उघडण्याची मोकळीक दिली. त्यात एक अट होती : पालकांच्या लेखी संमतीवाचून मुलाला शाळेत घेऊ नये आणि उपस्थितीची सक्ती करू नये. वरकरणी ही अट उदार दिसते. परंतु त्या कागदाने एक सूक्ष्म उलथापालथ केली. शाळा सुरक्षित आहे की नाही, याचा निवाडा शासन आणि शाळा यांनी करावयाचा, तो एका सहीसरशी आईबापांच्या माथी आला. उद्या काही विपरीत घडले तर ‘आपणच संमती दिली होती’ हे उत्तर तयार होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये तुकोगंजातील एका इमारतीच्या आवारात जमलेल्या पालकांत मी आजोबा या नात्याने बसलो होतो. शाळेच्या संमतिपत्रावर सही करावी की नाही, एवढाच विषय होता. दुसऱ्या लाटेत घरातले माणूस गमावलेले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मोठ्यांना लस मिळाली, मुलांना कुठे मिळाली आहे? मी सही करणार नाही.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, पंधरा वर्षांवरील मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला आणि बारा वर्षांवरील मुलांचे १६ मार्चला सुरू झाले. कोणी व्हॅनमध्ये कोंबल्या जाणाऱ्या मुलांचा मुद्दा काढला, कोणी घरातील वृद्धांचा. (माझ्याकडे दोन-तीन माना वळल्या, हे सांगितले पाहिजे.) एका तरुण आईने मुलाचे डोळे, चिडचिड आणि तुटलेली झोप यांचे वर्णन केले. मग फीचा विषय निघालाच. महामारी संपेपर्यंत खासगी शाळांनी केवळ शिक्षणशुल्क घ्यावे, असा निर्णय मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिला होता. तेव्हा शाळा उघडण्याची घाई मुलांसाठी की उरलेल्या शुल्कासाठी, अशी शंका बोलून दाखवली गेली. पालक आणि शाळा यांच्यातील विश्वास किती पातळ झाला होता, हे त्या शंकेवरून कळते.

त्याच इमारतीत स्वयंपाकाला येणाऱ्या एक बाई जिन्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. सभा मोडल्यावर त्या मला म्हणाल्या, “काका, आमच्या मुलाचं तर कोणी विचारलंच नाही. मोबाइल एकच. मी कामावर निघते तसा तोही माझ्याबरोबर निघतो. पोराने शिकायचं कशावर?”

या एका वाक्याने त्या संध्याकाळच्या साऱ्या चर्चेचे माप बदलले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ प्रभृतींच्या पुढाकाराने पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित घरांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के आढळली, मुळीच न शिकणारी ३७ टक्के. आणि शाळा लवकरात लवकर उघडाव्यात असे म्हणणारे ग्रामीण पालक ९७ टक्के होते. वृत्तपत्रांतून ‘पालकांचा विरोध’ असे मथळे येत होते त्या काळातली ही गोष्ट आहे. म्हणजे ‘पालक’ या शब्दाचा अर्थच वर्तमानपत्री मराठीत आक्रसला होता.

राज्य शासनाने काहीच केले नाही, असे नाही. ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना निघाली. सकाळी दहाला घरच्यांनी घंटा किंवा थाळी वाजवायची की शाळा भरली. कल्पना गोड होती. पण दहा वाजता थाळी वाजवायला घरी कोणी असावे लागते.

या शहराला साथ नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने येथे वारंवार थैमान घातले. मराठी आत्मचरित्रे चाळली तर गावाबाहेरच्या प्लेगच्या झोपड्या जागोजाग भेटतात. १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरास आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका दिवसापुरते आपण ‘महाराज’ होऊन त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. जेथील घरे उत्तम झाडून-सारवून घेतली जातील त्या रस्त्यांवरून ती जाणार, असे जाहीर केले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता. चरित्रकारांनी हा प्रसंग बराच रंगवला आहे आणि साथ ओसरण्यात मिरवणुकीचा वाटा किती व ऋतूचा किती, याविषयी मी साशंक आहे. तरी एक भेद नजरेत भरतो. गेडिसांनी साथ ही गल्लीची, सबंध शहराची बाब केली. शंभर वर्षांनंतर ती एकेका घराच्या सहीची झाली.

इन्फ्लुएंझाच्या साथीत, १९१८ सालीच, न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी शाळा चालू ठेवल्या. बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या चाळवजा घरांत राहणारी. त्यापेक्षा शाळा बरी, तेथे रोज परिचारिकेची नजर राहते, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मात्र जबाबदारी त्यांनी स्वतःकडे ठेवली. अर्थात त्यांच्यापाशी शाळांतून फिरणाऱ्या डॉक्टरांची व परिचारिकांची व्यवस्था आधीच उभी होती. आपल्या किती शाळांत परिचारिका आहे?

सही न करणारे ते गृहस्थ चुकले, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या घरी दुसरा मोबाइल होता, निराळी खोली होती, शिकवायला शिकलेली आई होती. त्यांच्या सावधपणाची किंमत त्यांच्या मुलाला फारशी मोजावी लागली नाही. ती इतरांनी मोजली. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली.

शेवटी शाळेच्या चालकांना एक विनंती. त्या दोन वर्षांची संमतिपत्रे, हजेरीपट आणि पालकांची पत्रे कोठल्यातरी कपाटात असतील. रद्दीत घालू नयेत. काही पत्रांवर सही आहे, काहींवर नुसते ‘नाही’, काही कोरीच परत आली असतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे त्या काळात पालक होते त्यांनी आपल्या घरचे कागदही येथे आणून द्यावेत, आणि ज्यांच्यापाशी कागद नाही त्यांचे सांगणे कोणीतरी लिहून घ्यावे. त्या स्वयंपाकाच्या बाईंपासून आरंभ करता येईल. त्यांचा मुलगा आता दहावीच्या उंबरठ्यावर असेल.