पॉकेट जोडी (पोकर)

पॉकेट जोडी म्हणजे टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात खेळाडूला डावाच्या प्रारंभी मिळालेली एकाच दर्जाची दोन झाकलेली पाने होत, उदा. इस्पिकची अठ्ठी व बदामची अठ्ठी. मेजावर एकही पान उघडण्यापूर्वी जोडी हाती असल्यामुळे ती चांगली सुरुवात मानली जाते. मात्र सर्व जोड्या एकाच पद्धतीने खेळणे हानिकारक ठरते. अल्प रकमेच्या ऑनलाइन खेळात हा फरक विशेष महत्त्वाचा असतो.

स्वरूप

या खेळात प्रत्येकाला दोन पाने वाटली जातात. त्यानंतर मेजावर फ्लॉपची तीन, टर्नचे एक व रिव्हरचे एक अशी पाच सामाईक पाने उघडली जातात. एकूण सात पानांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात धरला जातो. पॉकेट जोडीच्याच दर्जाचे तिसरे पान मेजावर आल्यास त्या हातास 'सेट' म्हणतात. सेटमधील दोन पाने झाकलेली असल्याने प्रतिस्पर्ध्याला त्याचा सुगावा सहसा लागत नाही.

संभाव्यता

बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जुळण्या संभवतात. त्यांपैकी ७८ जुळण्या जोडीच्या आहेत. म्हणून सरासरी १७ डावांत एकदा कोणती तरी जोडी मिळते. एक्क्यांची जोडी मात्र २२१ डावांत एकदा.

फ्लॉपवर सेट किंवा त्याहून मोठा हात बनण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे सुमारे साडेआठ वेळांतून एकदा असते. प्रत्येक डाव स्वतंत्र असल्याने सलग दहा वेळा सेट न लागणे असामान्य नाही. त्याची शक्यता जवळपास २९ टक्के आहे. त्यामुळे अकराव्या वेळी सेट लागण्याची शक्यता वाढत नाही.

गुलामांची जोडी असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पान येण्याची शक्यता ५७ टक्के असते. राजांच्या जोडीबाबत एक्का येण्याची शक्यता सुमारे २३ टक्के आहे.

खेळण्याची पद्धत

मोठ्या जोड्या (एक्का, राजा, राणी): एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, नऊ अनोळखी हातांविरुद्ध हे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर येते. म्हणून फ्लॉपपूर्वीच रक्कम वाढवून (रेझ करून) स्पर्धक कमी करणे हितावह असते. हात लपविण्यासाठी नुसते कॉल करण्याने अनेकांना स्वस्तात फ्लॉप पाहता येतो.

मध्यम जोड्या (गुलाम ते अठ्ठी): आधी कोणी रक्कम वाढविली नसल्यास यांनी रेझ केला जातो. फ्लॉपवर मोठी पाने आली आणि प्रतिस्पर्ध्याने जोर धरला, तर हात सोडणे बहुधा योग्य ठरते.

लहान जोड्या (सत्ती ते दुर्री): यांचे मूल्य प्रामुख्याने सेटमध्ये असते. येथे 'इम्प्लाइड ऑड्स', म्हणजे सेट लागल्यावर पुढे मिळू शकणाऱ्या रकमेचा विचार करावा लागतो. समजा, प्रतिस्पर्ध्याने रक्कम ६ सेंटपर्यंत वाढविली. दोघांकडे २ डॉलर असतील तर कॉल करणे समर्थनीय आहे. त्याच्याकडे ४० सेंटच उरले असतील तर सेट लागूनही आधीचे खर्च भरून निघणे कठीण असते. कॉलच्या किमान पंधरापट रक्कम मागे असावी, असा ढोबळ नियम प्रचलित आहे.

अल्प रकमेच्या मेजावरील वैशिष्ट्ये

अशा मेजांवर अनेक खेळाडू दुबळ्या हातांनीही शेवटपर्यंत कॉल करतात. त्यामुळे सेट किंवा मोठी जोडी असताना प्रत्येक टप्प्यावर पुरेशी रक्कम लावणे फायद्याचे ठरते, तर ब्लफ निष्फळ होतात. उलट, एरवी केवळ कॉल करणारा खेळाडू टर्न किंवा रिव्हरवर अचानक मोठा रेझ करतो, तेव्हा त्याच्याकडे सामान्यतः भक्कम हात असतो. अशा वेळी एक्क्यांची जोडीही अखेर एकच जोडी आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

प्रत्येक पॉटमधून संकेतस्थळ आपला वाटा ('रेक') कापून घेते. लहान पॉटमध्ये हा वाटा तुलनेने जड जातो. म्हणून खेळाडूंमध्ये समान कौशल्य असल्यास सर्वच दीर्घकाळात तोट्यात जातात.

योग्य खेळूनही हार टळत नाही. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध साधारणपणे साडेपाच वेळांतून एकदा हरते. अशा पराभवानंतर नुकसान भरून काढण्यासाठी मोठ्या रकमेच्या मेजावर जाणे हे अनेकांच्या आर्थिक हानीचे कारण ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती

ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानुसार पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे.

हे सुद्धा पहा

टेक्सास होल्डेम
संभाव्यता
तीन पत्ती