पाठीची कमान, पोटाचा आधार

उष्ट्रासन किंवा ऊर्ध्वधनुरासन पाहताना 'पाठ किती लवचीक आहे' याचेच कौतुक होते. कमरेचे रक्षण मात्र केवळ लवचीकतेने होत नाही. त्यासाठी धडाच्या मध्यभागातील स्नायूंचे बळ लागते. दिवसभर संगणकासमोर बसून सायंकाळी थेट योगवर्ग गाठणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

भार कमरेवरच का येतो?

कण्यात छातीमागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. छातीमागचे मणके बरगड्यांना जोडलेले असल्यामुळे मागे फारसे वाकत नाहीत. कमरेचे सहज वाकतात. त्यामुळे सारी कमान कमरेच्या खालच्या मणक्यांत एकवटते आणि त्यांच्या मागचे लहान सांधे दाबले जातात. जांघेतील सोआस हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला मिळतो. सतत बसून तो आखडला, की मांडी पुरेशी मागे जात नाही आणि कमरेला अधिकच वाकावे लागते.

'कोअर' म्हणजे काय?

'कोअर' म्हणजे आरशात दिसणाऱ्या पोटाच्या वळ्या नव्हेत. पोटाभोवती पट्ट्याप्रमाणे असणारा आडवा स्नायू, बाजूंचे तिरके स्नायू, मणक्यांलगतचे खोल स्नायू, वर श्वासपटल आणि तळाशी श्रोणीचे स्नायू असा हा समूह आहे. मागे वाकताना पोटाचे स्नायू लांबत जातात, पण ताण सोडत नाहीत. त्यामुळे बरगड्या बेताबाहेर पुढे येत नाहीत आणि कमान संपूर्ण कण्यात विभागली जाते. पोट करकचून आवळणे मात्र चूक आहे. श्वास कोंडला, तर प्रमाण चुकले असे समजावे.

तयारीचा क्रम

१. उताणे झोपून दोन्ही गुडघे काटकोनात उचलावेत. श्वास सोडत एक टाच जमिनीला टेकवून परत आणावी. कमरेची कमान वाढू देऊ नये. प्रत्येक बाजूस ८ ते १० वेळा.
२. फलकासन, २० ते ३० सेकंद. कंबर खाली झोळू देऊ नये.
३. शलभासन, तीन वेळा. पाय उंच नेण्यापेक्षा लांब ताणण्यावर भर द्यावा.
४. एक गुडघा जमिनीवर टेकवून दुसरे पाऊल पुढे ठेवावे आणि मागच्या पायाच्या जांघेला ताण द्यावा.

यानंतर सेतुबंधासन, मग उष्ट्रासन आणि शेवटी ऊर्ध्वधनुरासन असा क्रम ठेवावा. पुण्यात अध्यापन करणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार यांनी ठोकळे, पट्टे व खुर्ची यांचा आधार योगाभ्यासात रूढ केला. उष्ट्रासनात हात टाचांपर्यंत पोहोचत नसतील, तर पायांच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या ठोकळ्यांवर टेकावेत.

केव्हा थांबावे?

पोटऱ्या-मांड्यांना थकवा येणे स्वाभाविक आहे. कमरेत एकाच ठिकाणी टोचणारी वेदना नव्हे. पायात कळ, मुंग्या किंवा बधिरता जाणवल्यास आसन सोडून वैद्यकीय सल्ला घ्यावा. मणका सरकणे, हाडांचा ठिसूळपणा, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब, गर्भावस्था किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीविना ही आसने करू नयेत.